क्षमा मिळाली, पण पुढे?



पापनिवेदन करून आपण बाहेर येतो, धर्मगुरूंनी सांगितलेले प्रायश्चित्त गुडघे टेकून पूर्ण करतो, आणि घरी जाता जाता तीच जुनी चूक पुन्हा मनात घोळवत बसतो. देवाने सोडले, तरी आपण सोडत नाही.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समंदर सिंग ह्याने सिस्टर राणी मारिया ह्यांचा चाकूने खून केला. गरीब आदिवासींना त्या हक्कांची जाणीव करून देत होत्या, एवढेच कारण. त्याला जन्मठेप झाली. २००२ साली सिस्टरांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठीही विनंती केली. २००६ मध्ये तो सुटला. पुढे तो सिस्टरांच्या कबरीवर जात राहिला. म्हणजे खून तो विसरला नव्हता. तरी आता तो कोणाचा तरी भाऊ होता.

उद्या उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरचा कोणी कल्याणच्या आधारवाडी तुरुंगातून सुटून आला, तर मिस्सेला आपण बाकावर सरकून त्याला जागा देऊ काय? शांतीची खूण देताना त्याला हातही जोडू, ते सोपे आहे. पण खोली भाड्याने देऊ? दुकानात कामाला ठेवू? आम्ही स्वतःलाच विचारून पाहिले. लगेच ‘हो’ म्हणवले नाही.