तिसऱ्यांदा पडल्यावर

माझ्या प्रिय धर्मग्रामस्थांनो,



ऑगस्टच्या ४ तारखेला ख्रिस्तसभा संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण साजरा करते. धर्मग्रामात काम करणाऱ्या आम्हां धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत. त्या दिवशी तुम्ही आठवणीने शुभेच्छा देता, कुणी वाडीतली केळी आणून देते, कुणी घरी जेवायला बोलावते. यंदा मात्र तुमच्या शुभेच्छा स्वीकारण्याआधी मला एक चूक कबूल करायची आहे. ती मी ज्याच्या बाबतीत केली त्याची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, "लिहा फादर, फक्त नाव नको."

काही महिन्यांपूर्वी संध्याकाळच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातला एक तरुण कार्यालयात आला. सी.ए.च्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला होता. खुर्चीवर न बसताच तो म्हणाला, "फादर, तिसऱ्यांदा गेलो." माझ्यासमोर लग्नाच्या कागदपत्रांचा ढीग होता, दिवसभराचा थकवा होता. मी मान वर करून म्हणालो, "वाईट वाटून घेऊ नकोस. कदाचित देवाचीच तशी इच्छा नसेल." तो "हो फादर" म्हणाला आणि निघून गेला. आपण त्याचे सांत्वन केले असे मला वाटले.

पुढचे तीन रविवार तो मिस्साला दिसला नाही. चौथ्या आठवड्यात त्याची आई मिस्साचा हेतू लिहून द्यायला आली. पावती फाडून झाली तरी ती उठेना. मग हळूच म्हणाली, "फादर, तुम्ही त्याला सांगितलंत ना, देवाची इच्छा नाही म्हणून? मग आता त्याने फॉर्म भरायचा नाही का? तुम्हांला देवाने तसं काही सांगितलंय का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. देवाने मला काहीही सांगितले नव्हते. एका तरुणाचे दुःख लवकर आटोपावे म्हणून मी देवाचे नाव वापरले होते. दहा आज्ञांपैकी देवाचे नाव व्यर्थ न घेण्याची आज्ञा मी लहान मुलांना शिकवतो. ती मीच मोडली होती.

एका नापास विद्यार्थ्याची गोष्ट

त्या रात्री मला संत व्हियानी आठवले. २००९ साली, त्यांच्या निधनाला १५० वर्षे झाली तेव्हा, पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 'धर्मगुरू वर्ष' जाहीर केले होते. मी तेव्हा सेमिनरीत होतो. व्हियानींबद्दल प्रवचने ऐकली, निबंध लिहिले. पण त्यांच्या चरित्रातला एक माणूस मी तेव्हा नीट पाहिला नव्हता.

जॉन व्हियानी यांचा जन्म १७८६ साली फ्रान्समधील लियों शहराजवळच्या दार्दिली गावात एका शेतकरी कुटुंबात झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या त्या धामधुमीत चर्चेस बंद होती, धर्मगुरू लपूनछपून मिस्सा अर्पण करीत. मुलाला शाळा फारशी मिळालीच नाही. विशीच्या सुमारास ते शेजारच्या एक्यूली गावचे धर्मगुरू बाली यांच्याकडे शिकायला गेले. पण त्या काळी धर्मगुरू व्हायचे तर लॅटिन यायला हवे, आणि लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना. बरोबरची मुले वयाने कितीतरी लहान, तरी पुढे निघून जात.

१८०६ साली ते ला लुव्हेस्कला, संत जॉन फ्रान्सिस रेजिस यांच्या कबरीच्या दर्शनाला, सुमारे १०० किलोमीटर पायी गेले. वाटेत भीक मागून खाल्ले. मागणे एकच होते : शिकण्यापुरती बुद्धी दे. परत आल्यावर तीच पुस्तके समोर होती. लॅटिन एका रात्रीत सोपे झाले नाही. पुस्तक पुन्हा उघडण्याचे बळ तेवढे मिळाले.

पुढे सैन्यभरतीची सक्ती आली आणि शिक्षण तुटले. १८१३ साली ते लियोंच्या मोठ्या सेमिनरीत दाखल झाले, पण शिकवणे लॅटिनमधून, त्यामुळे काही महिन्यांतच त्यांना घरी जायला सांगण्यात आले. वय सत्ताविशीचे. 'देवाची इच्छा नसेल' असे म्हणायला याहून योग्य वेळ कोणती?

फादर बाली तसे म्हणाले नाहीत. त्यांनी व्हियानींना पुन्हा आपल्या घरी ठेवून घेतले, फ्रेंचमधून शिकवले आणि वरिष्ठांकडे जाऊन 'याची परीक्षा पुन्हा घ्या' अशी रदबदली केली. १३ ऑगस्ट १८१५ रोजी, वयाच्या २९व्या वर्षी, व्हियानींना गुरुदीक्षा मिळाली. १८१८ साली त्यांना आर्स या जेमतेम २३० वस्तीच्या खेड्यात पाठवण्यात आले. पुढे त्याच खेड्यात त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी दूरदूरहून हजारो माणसे येऊ लागली आणि ते दिवसाचे पंधरा-सोळा तास तिथे बसू लागले. ४ ऑगस्ट १८५९ रोजी त्यांचे निधन झाले, १९२५ साली ते संत म्हणून घोषित झाले.

आपण ही गोष्ट 'जिद्दीने सारे जमते' अशी सांगतो. पण फादर बालींना त्यातून काढून टाका आणि पाहा. जिद्द होतीच, पण ती घेऊन व्हियानी दार्दिलीच्या शेतावर परतले असते.

कठीण, पण शक्य

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांचा आशेवरचा भाग आम्हांला होता. ते म्हणतात की माणूस आशा धरतो ती चार खुणा असलेल्या गोष्टीची : ती चांगली असते, अजून हाती आलेली नसते, कठीण असते आणि शक्य असते. सहज मिळणाऱ्या गोष्टीची आशा धरावी लागत नाही, आणि अशक्य गोष्टीची धरता येत नाही. मी हे पाठ करून परीक्षेत लिहिले आणि चांगले गुण मिळवले.

पण पुढचा धागा माझ्या नजरेतून सुटला होता. थॉमस म्हणतात, एखादी गोष्ट आपल्याला दोन प्रकारे शक्य असते : स्वतःच्या बळावर किंवा दुसऱ्याच्या मदतीने. दुसऱ्याच्या मदतीने शक्य होणारी गोष्टही शक्यच असते, ती कमी प्रतीची ठरत नाही. देवावरची आपली आशा तर सारी त्याच्या मदतीवरच उभी आहे.

म्हणून कुणी आपल्या समोर येऊन "हरलो" म्हणतो तेव्हा 'याला हे शक्य आहे का?' एवढाच प्रश्न नसतो. 'माझ्या मदतीने याला हे शक्य होईल का?' हाही प्रश्न असतो. मी 'देवाची इच्छा' म्हणालो आणि तो प्रश्न स्वतःला विचारायचा टाळला.

वाटेवरची माणसे

उपवासकाळातल्या शुक्रवारी आपण क्रुसाची वाट करतो. चौदा स्थाने तुम्हांला पाठ आहेत. येशू वाटेत पडल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही, पण भक्तिपरंपरेने त्याला तीनदा पडताना पाहिले आहे : तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी. आता मधली स्थाने आठवा. पहिल्यांदा पडल्यानंतर लगेच आई भेटते. मग शेतावरून परतणारा कुरेनेकर शिमोन. मग रुमाल घेऊन आलेली वेरोनिका. एका पडण्यानंतर तीन माणसे. दुसऱ्यांदा पडल्यावर यरुशलेमच्या स्त्रिया आहेत, त्या रडतात. तिसऱ्यांदा पडल्यावर नवे कोणी येत नाही. पुढच्या स्थानी अंगावरचे कपडेच काढून घेतले जातात.

आपल्याकडेही असेच होते ना? मुलगा पहिल्यांदा नापास झाला की घर गोळा होते. मामा फोन करतो, मावशी गोड करून आणते. दुसऱ्यांदा हळहळ होते. तिसऱ्यांदा माणसे विषय बदलतात. लग्नसमारंभात कुणी विचारू नये म्हणून तो मुलगा मंडपाच्या मागे उभा राहतो. धंद्यात पुन्हा बुडालेला, दारू सोडून पुन्हा घसरलेला, नोकरीच्या मुलाखतींत वर्षभर नकार मिळालेली विवाहिता, यांची गत तीच. तिसऱ्यांदा पडणाऱ्याला लागते जास्त, आणि आपण त्याच्या जवळ सर्वांत कमी असतो.

शिमोनाचेही पाहा. तो स्वतःहून पुढे आला नाही, शिपायांनी त्याला वेठीस धरले. शेतावरून दमून येणाऱ्या माणसाला दुसऱ्याचे ओझे नको असते, हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. तरी त्याचे नाव आजही घेतले जाते. मदत करताना मन अगदी प्रसन्न असलेच पाहिजे असे नाही. खांदा दिला तरी पुरे.

जो पडला आहे त्याच्यासाठी

आता जे स्वतः पडलेले आहेत त्यांच्याशी दोन शब्द.

पहिली गोष्ट, ध्येय आणि वाट यांत फरक करा. प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात पौल बिथुनियात जाऊ पाहतो, पण पवित्र आत्मा जाऊ देत नाही. तो त्रोवसला येतो आणि तिथे रात्री दृष्टांतात एक मासेदोनियाचा माणूस त्याला बोलावतो. शुभवर्तमान सांगायचे हे ध्येय राहिले, वाट बदलली. तेव्हा बंद झालेल्या दारापुढे आधी एवढेच विचारा : बंद काय झाले, ध्येय की फक्त ही वाट?

दुसरी गोष्ट, अपयशाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. 'एका पेपरात कमी पडलो' हे खरे आहे. 'मी नालायक आहे' हे खरे नाही. पहिल्या वाक्यावर काम करता येते. दुसरे वाक्य देवाने निर्माण केलेल्या माणसावरचा खोटा आरोप आहे.

तिसरी गोष्ट, प्रत्येक ध्येय कवटाळून बसा असे मी म्हणत नाही. संत व्हियानींनाही एक इच्छा आयुष्यभर होती : आर्स सोडून एकांतात प्रार्थना करत राहावे. ते खरोखरच अनेकदा पळून निघाले. १८४३ साली ते दार्दिलीला घरी गेले, तर माणसे त्यांच्या मागोमाग तिथे पोहोचली. १८५३ साली रात्री निघाले, तर गावकऱ्यांनी परत आणले. ती इच्छा पुरी झाली नाही आणि त्यांनी ते मान्य केले. मग कोणते ध्येय धरावे, कोणते सोडावे? सूत्र माझ्याकडे नाही. मात्र एक गोष्ट दिसते : गुरुदीक्षेसाठी धडपडताना ते माणसांकडे जात होते, एकांतासाठी पळताना माणसांपासून दूर जात होते. आपले ध्येय आपल्याला कुणाकडे नेते, हे प्रार्थनेत शांतपणे पाहा. आणि सोडायचेच ठरले, तर ते तुम्ही ठरवा, दुसऱ्याच्या एका वाक्याने नको. धर्मगुरूच्या तर नकोच.

मी त्याच्या घरी गेलो

शेवटी मी त्या तरुणाच्या घरी गेलो आणि त्याची क्षमा मागितली. तो संकोचला. चहा झाल्यावर मी पहिल्यांदाच त्याला विचारले, "अरे, तू अभ्यास करतोस कधी?" सकाळी सातच्या आधीची लोकल, रात्री साडेआठला घरी. दोन खोल्यांत सहा माणसे, आजारी आजोबांना टीव्हीची सोबत. अभ्यास होतो तो स्वयंपाकघरात, सगळे झोपल्यावर. देवाची इच्छा शोधायला मी आभाळाकडे पाहत होतो, आणि अडचण होती एका टेबलाची.

म्हणून या रविवारी एक विनंती करतो. येत्या सोमवारपासून चर्चच्या कार्यालयाशेजारची खोली रोज रात्री साडेआठ ते साडेअकरा अभ्यासासाठी उघडी राहील. टेबले, दिवे, पंखे आहेत. कुणीही यावे, कोणत्याही धर्माचे, कोणत्याही वयाचे. दर रात्री दोन वडीलधारी माणसे तिथे बसायला हवीत. हिशेब, गणित, इंग्रजी शिकवू शकणारे निवृत्त शिक्षक आणि बँकेत काम केलेले आपल्यात बरेच आहेत. त्यांनी मिस्सानंतर मला भेटावे. थकलेले असाल तरी या. शिमोनही थकलेलाच होता.

त्या तरुणाने पुन्हा फॉर्म भरला आहे. तो पास होईल की नाही हे मला माहीत नाही, आणि या वेळी मी देवाच्या वतीने काही बोलणार नाही. फक्त सोमवारी रात्री खोलीची किल्ली घेऊन मी दारात उभा असेन.

पवित्र मरिया वाटेवर आपल्या पुत्राला भेटली, ती आपल्यातल्या प्रत्येक पडलेल्याला भेटो. प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात तुमचा,
प्रमुख धर्मगुरू