मानभावी कोण?

एखाद्याच्या गोड बोलण्यामागे कावा दिसला, की आपण सहज म्हणून जातो, 'फार मानभावी माणूस आहे!' मीही आयुष्यभर असेच म्हणत आलो. काही वर्षांपूर्वी एका लग्नघरी हा शब्द माझ्या तोंडून गेला, तेव्हा शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ मंद हसून म्हणाले, "हा शब्द आमच्यावरून आला, ठाऊक आहे ना?" ते महानुभाव पंथाचे उपदेशी होते. मला काही उत्तर सुचले नाही. जे तेव्हा सुचले नाही, त्याचा विचार मी पुढे बरेच दिवस करीत राहिलो.

'महानुभाव' म्हणजे थोर अनुभवाचा पुरुष. बोलीत झिजून त्याचे 'मानभाव' झाले. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी स्थापिलेल्या या पंथाने स्त्रीशूद्रांना संन्यासाची वाट मोकळी केली आणि अहिंसा इतकी काटेकोरपणे पाळली, की मुंगीचीही काळजी वाहावी. म्हाइंभटांनी सिद्ध केलेले 'लीळाचरित्र' हे मराठी गद्याचे आद्य वैभव. 'धवळे' रचणारी महदाइसा ही आद्य मराठी कवयित्री. पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेयप्रभूंचे माहूर तर आपल्या उंबरठ्यावरचे. किनवट तालुका १९५६ साली नांदेडकडे गेला, तोपर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. आणि अशा पंथाविषयी मराठीत म्हण रूढ झाली ती कोणती? 'बोलणे मानभावाचे आणि करणी कसाबाची.' एका दमात दोन समाजांचा उपमर्द करणारी म्हण!

हे का घडले असावे? पंथाने इतर दैवतांची उपासना नाकारली, वर्णाचा अहंकार नाकारला, साधूंनी काळसर वस्त्रे धारण केली. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. ती लिपी उलगडून हे वाङ्मय बाहेरच्या अभ्यासकांसमोर येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. बंद दारामागे काय चालते हे कळत नसले, की माणूस तिथे आपल्या भीतीला शोभेल असे चित्र रंगवतो. दार का लावले गेले, हा प्रश्न मात्र त्याला क्वचितच सुचतो.

शब्दांचे असे अधःपतन नवे नाही. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पाषंड' या शब्दाने सर्वच धर्मपंथांचा निर्देश आहे, आणि परक्या पंथाचाही मान राखावा असा त्यात उपदेश आहे. त्याच शब्दाचे 'पाखंड' होऊन आज तो ढोंगाला लावला जातो. इंग्रजीतील 'कल्ट' या शब्दाचे मूळही लॅटिनमध्ये केवळ 'उपासना' असे आहे. आज तो उच्चारला, की भोंदू गुरू आणि भारलेले शिष्य डोळ्यांपुढे येतात.

अमेरिकेतील मॉर्मन पंथाची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी तो स्थापिला. १८३८ साली मिसुरी राज्याच्या गव्हर्नरने या लोकांना राज्यातून हाकलून द्यावे अथवा त्यांचा समूळ नायनाट करावा असा हुकूम काढला. तो रद्द व्हायला १९७६ साल उजाडले. १८४४ साली तुरुंगात असलेल्या स्मिथ यांना जमावाने ठार केले. 'मॉर्मन' हे नावही बाहेरच्यांनी दिलेले; २०१८ साली त्यांच्या धर्मप्रमुखांनी आपल्याला आपल्या पूर्ण नावाने ओळखावे अशी विनंती केली. आपल्याकडच्या त्या वृद्धांची अपेक्षा याहून निराळी कुठे होती?

परंतु येथेच एक रास्त आक्षेप उभा राहतो. पंथांच्या नावाखाली अत्याचार होतच नाहीत काय? होतात. १८५७ साली युटामध्ये मॉर्मन सशस्त्र दलानेच सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. आपल्याकडेही बुवाबाजीने किती संसार धुळीला मिळाले, हे सांगावयास नको. मग सावधगिरीचा शब्दच टाकून द्यावा काय?

याचे उत्तर मला शेजारच्या महाराष्ट्राच्या एका कायद्यात सापडते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कोणत्याही पंथाचे नाव नाही. आहेत ती कृत्ये. भुताच्या नावाने मारहाण, अघोरी विधी, नरबळी. जो करील तो अपराधी, मग तो कोणत्याही पंथाचा असो. नावावरून निवाडा केला, की निरपराध भरडला जातो आणि खरा अपराधी प्रतिष्ठित नावाआड सुखाने राहतो. शिक्का मारणे सोपे असते, कारण त्यामुळे चौकशीचे कष्ट वाचतात. कृत्याची चौकशी अवघड, पण पीडिताला न्याय तिनेच मिळतो.

आपण पिढ्यान्‌पिढ्या तेलुगु आणि गोंडी बोलणाऱ्यांच्या शेजारी राहिलो आहोत. आपल्याविषयीही कुणाच्या घरात एखादी म्हण असेल, आणि आपल्या घरात त्यांच्याविषयी असते, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. म्हण ही जुनी असते म्हणून खरी ठरत नाही.

आज महाराष्ट्र शासनाचे मराठी भाषा विद्यापीठ श्रीगोविंदप्रभूंच्या रिद्धपुरात उभे आहे. ज्यांना भाषेने शिवी केले, त्यांच्याच दारी ती भाषा शिकावयास गेली. ते वृद्ध गृहस्थ निघताना मला 'दंडवत प्रणाम' म्हणाले होते. मीही त्याच शब्दांनी उत्तर दिले. 'मानभावी' हा शब्द त्यानंतर मी वापरलेला नाही. ज्याच्या वागण्यात ढोंग दिसते, त्याला सरळ ढोंगी म्हणावे. मराठीला शब्दांचा तोटा नाही.