तलवार आणि अक्षर

राज्यकर्त्याने प्रजेचा धर्म ठरवावा काय? आणि ठरवलाच, तर त्यापायी सांडलेले रक्त पुढच्या सत्कार्याने धुऊन निघते काय? बल्गेरियाचा राजा बोरिस याच्या चरित्रापाशी हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात.

इ. स. ८६४ च्या सुमारास बोरिसने बाप्तिस्मा घेतला. राज्यात दुष्काळ होता आणि बायझन्टाइन सैन्य चालून आले होते. सम्राट तिसरा मायकेल त्याचा धर्मपिता झाला व त्याचेच नाव बोरिसने धारण केले. या निर्णयामागे श्रद्धा किती आणि राजकारण किती, हे देवच जाणे. पण राजाच्या पाठोपाठ प्रजेलाही नवा धर्म घेण्याची आज्ञा झाली आणि जुन्या दैवतांना मानणारे सरदार बंड करून उठले. बोरिसने ते बंड मोडले आणि ५२ सरदारांना, त्यांच्या मुलाबाळांसह, ठार केले.

पुढे ८६६ मध्ये त्याने रोमला पोप पहिले निकोलस यांच्याकडे दूत धाडले. सोबत प्रश्नांची लांबलचक यादी होती. तीत उपवासापासून विजार नेसावी की नाही येथपर्यंत सारे काही होते. आणि त्याच यादीत, बंडखोरांना मारण्यात आपल्याकडून पाप घडले काय, हाही प्रश्न होता. विजयी राजाला असे विचारावेसे वाटावे, यातच त्याच्या सदसद्विवेकाची जाग दिसते.

पोपमहोदयांनी १०६ उत्तरे पाठवली. विजारीचा प्रश्न त्यांनी सहज सोडून दिला. मात्र बंडाच्या कटात ज्यांचा हात नव्हता, त्या निष्पाप मुलांना मारणे हे पापच होय, असे त्यांनी स्पष्ट बजावले. मूर्तिपूजकांवर बळजबरी करू नये, त्यांना समजुतीने वळवावे. चोराकडूनही छळ करून कबुलीजबाब घेऊ नये, असेही कळवले. बल्गेरियाने रोमशी जोडून घ्यावे अशी आस असतानाही त्यांनी राजाची खुशामत केली नाही. पुढे ८७० मध्ये बल्गेरिया कॉन्स्टँटिनोपलच्या छायेत गेला. ते उत्तर मात्र खरेच राहिले.

बोरिसचे दुसरे कार्य निराळ्या जातीचे आहे. संत सिरिल आणि संत मेथोडियस यांच्या शिष्यांना मोराव्हियातून हाकलण्यात आले, तेव्हा ८८६ मध्ये त्याने त्यांना आश्रय दिला. क्लेमंट व नॉम यांनी पाठशाळा उभारल्या. ओह्रिडच्या परिसरात क्लेमंटने सुमारे ३,५०० शिष्य घडवले, असे त्याचे चरित्र सांगते. ८९३ नंतर उपासनेत ग्रीकऐवजी स्लाव्ह भाषा रुजली. शेतकऱ्याला शुभवर्तमान स्वतःच्या बोलीत उमगू लागले. आज्ञेने आलेला धर्म आता त्याच्या ओठी आला.

परंतु तलवार कायमची म्यान झाली नव्हती. ८८९ मध्ये बोरिसने राज्य सोडून मठाचा मार्ग धरला. गादीवर बसलेला पुत्र व्लादिमीर जुन्या धर्माकडे वळला, तेव्हा ८९३ मध्ये मठातून परतून बापाने त्याला पदच्युत केले आणि त्याचे डोळे काढविले. धाकटा सिमेओन गादीवर आला, आणि बोरिस मठात परतला. ९०७ मध्ये त्याचे निधन झाले. ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा त्याला संत मानते.

कोणी म्हणेल, तलवारीने राज्य राखले नसते तर पाठशाळांना छप्पर कोठून मिळाले असते? आक्षेपात तथ्य आहे. राज्य राखणे हा राजाचा धर्मच. पण सरदारांची मुले मेली नसती तर क्लेमंटची कोणती पाठशाळा बंद पडली असती? हेतू थोर असला, तरी अन्याय हा अन्यायच उरतो. त्याची नोंद वेगळ्या पानावर होते, आणि पुण्याचे पान ती पुसू शकत नाही, तसेच पुण्यही तिला पुसू शकत नाही.

१०१८ मध्ये ते राज्य बायझन्टाइन साम्राज्याने गिळले. पण प्रेस्लाव्हच्या परिसरात घडलेली सिरिलिक लिपी सर्बिया आणि रशियापर्यंत पोहोचली, आणि बल्गेरियात आजही २४ मे हा दिवस अक्षरांचा उत्सव म्हणून पाळला जातो. भयाने नमवलेली माने पुन्हा वर उठतात. प्रेमाने शिकवलेले अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. श्रद्धा दुसऱ्याच्या हाती सोपवताना आपल्या हाती काय आहे, हे प्रत्येकाने पाहून घ्यावे.