ऑटोक्लेव्हच्या टाकीतलं पाणी

चि. मनूस,


दातांच्या दवाखान्यासाठी तू पाठवलेली कोटेशनं वाचली. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, सगळ्यांच्या दरात घासाघीस केलीस, त्यात तुझी आई दिसते. ऑटोक्लेव्ह बी-क्लास घेते आहेस हेही योग्यच; हँडपीससारख्या पोकळ अवजारांतली हवा आधी पंपाने ओढून काढल्याशिवाय वाफ आत पोचत नाही. पण त्या यंत्राच्या टाकीत कुठलं पाणी पडणार, याची एक ओळसुद्धा कुठल्या कागदावर नाही. फोनवर विचारलं तर म्हणालीस, "घरी आरओ आहेच की मामा, तिथूनच कॅन भरून नेऊ." म्हणून हे लिहायला बसलो.

घरचा आरओ पिण्यासाठी बनवलेला असतो. पाण्यातले क्षार फारच कमी झाले तर ते सपक लागतं, म्हणून बऱ्याच मॉडेलांत टीडीएस कंट्रोलर नावाचा एक बारका कॉक असतो आणि तो थोडं मूळ पाणी मुद्दाम शुद्ध पाण्यात सोडतो. काहींत पुढे मिनरलचं कार्ट्रिजही असतं. म्हणजे मेम्ब्रेनने जे काढलं त्यातलं थोडं चवीसाठी परत आलं. आपल्याला ते मानवतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, ५०० पीपीएमपर्यंत असावा असं म्हटलंय, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंतही चालवून घेतात. ऑटोक्लेव्हचा हिशेब निराळा. ईएन १३०६० हे टेबलावरच्या छोट्या ऑटोक्लेव्हचं युरोपीय मानक. त्यात पाण्याची चालकता १५ मायक्रोसीमेन्सच्या आत असावी असं सुचवलेलं आहे. साध्या टीडीएस मीटरवर तो आकडा साधारण निम्मा दिसतो, म्हणजे ७-८ पीपीएम. क्लोराइड लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आत. इस्पितळांतल्या मोठ्या ऑटोक्लेव्हना तर ५ मायक्रोसीमेन्सची अट आहे.

इतकं कडक कशासाठी? नोकरीभर मी जी यंत्रं उघडली त्यांतली कितीतरी "हीटर गेला" म्हणून आलेली असायची. उघडावं तर हीटरच्या नळीवर पांढुरका थर बसलेला, नखाने खरवडूनही न निघणारा. पाण्यातला कॅल्शियम बायकार्बोनेट तापला की त्याचा कार्बोनेट होतो आणि जिथे सर्वांत जास्त उष्णता तिथेच जाऊन चिकटतो. थराखाली अडकलेला हीटर आपल्याच उष्णतेने जळतो. त्याहून वाईट म्हणजे हा थर तापमानाच्या सेन्सरवर बसतो, सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या तोंडाशी बसतो, सेफ्टी व्हॉल्व्हमध्येही बसतो. १३४ अंशाला आतला दाब सुमारे दोन बार असतो. अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे की चिकटलाय, हे दैवावर सोडायचं नसतं.

आणि वाफेबरोबर पाण्याचे बारीक थेंबही उडतात. ते अवजारांवर पडून सुकले की त्यांतले क्षार तिथेच राहतात. डाग बघून पाणी ओळखायला शीक. पांढरे, खडूसारखे ठिपके असतील आणि व्हिनेगरच्या बोळ्याने जात असतील तर तो चुना. निळसर-पिवळसर, तेलाचा तवंग यावा तशी झाक असेल आणि ती कशानेही जात नसेल तर संशय सिलिकाचा. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात सिलिका असतोच, आणि साध्या टीडीएस मीटरला तो दिसत नाही. तपकिरी डाग असेल तर शाळेतला खोडरबर घे आणि घास. डाग गेला, खालचा पत्रा गुळगुळीत, तर तो नुसता डाग. खाली सुईच्या टोकाएवढा खड्डा दिसला तर तो गंज, आणि ते अवजार आता तोंडात घालायच्या लायकीचं नाही, कारण त्या खड्ड्यात काय लपलंय ते ब्रशलाही कळत नाही. हे खड्डे पाडतो क्लोराइड. तुमच्या फोर्सेप आणि एलिव्हेटरचं स्टील धार राहावी म्हणून कडक केलेलं असतं, आणि तेच या क्लोराइडला लवकर बळी पडतं. रूट कॅनालला तुम्ही हायपोक्लोराइट वापरता, तो लागलेली अवजारं ट्रेमध्ये तशीच वाळू देऊ नकोस. त्याचं पाप लोक उगाच ऑटोक्लेव्हच्या माथी मारतात.

आता तुमच्या बार्शीच्या बोअरचं. मागे आलो होतो तेव्हा मीटर बुडवला होता, १२०० च्या आसपास दाखवत होता. चांगला मेम्ब्रेन ९७ टक्के क्षार अडवतो असं धर. उरले ३६ पीपीएम, म्हणजे सत्तरएक मायक्रोसीमेन्स. हवेत पंधरा. टीडीएस कंट्रोलर पार बंद केला तरी नुसत्या आरओने तुझं भागत नाही. तू शिकलीस मुंबईत, तिथल्या नळाला तानसा-वैतरणा-भातसाचं तलावाचं पाणी, क्षार मुळातच शंभराच्या आत. तिथे साधा आरओ लावला की काम झालं. तुझी मुंबईची मैत्रीण "मी तर एवढंच बसवलंय" म्हणते ते तिच्यापुरतं अगदी खरं आहे. तिचं बिल बघून तू तेच मागवू नकोस.

तुला आरओच्या पुढे डीआय, म्हणजे डीआयोनायझेशनचं, कार्ट्रिज लागेल. त्यात मिक्स्ड बेड रेझिन असतं, ते उरलेसुरले क्षार, सिलिकासकट, धरून ठेवतं. मग कुणी विचारेल, थेट डीआयच लाव, मधे आरओ हवाच कशाला? रेझिनची धरून ठेवायची ताकद ठरलेली असते. १२०० चं पाणी त्यावर सोडलं तर कार्ट्रिज बघता बघता संपेल. ३६ चं सोडलं तर तेच कार्ट्रिज ढोबळ हिशेबाने तीसपट पाणी देईल. आरओचा खर्च तिथे वसूल होतो. एखादा विक्रेता सॉफ्टनर पुढे करील. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम घालतो. थर बसायचा थांबतो, पण एकूण क्षार तेवढेच राहतात आणि क्लोराइड तर जागचा हलत नाही. मेम्ब्रेनचं आयुष्य वाढवायला आरओच्या आधी तो लावायला हरकत नाही. तेवढ्यावर भागतं म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

विक्रेते तुला तासाला पन्नास लिटरचा प्लँटही दाखवतील. तुझ्या ऑटोक्लेव्हला एका फेरीत लिटरभरही पाणी लागत नाही. दिवसाच्या पाच-सहा फेऱ्या आणि धुतल्यानंतरचं शेवटचं खळबळणं धरलं तरी दहा-पंधरा लिटरच्या पुढे जाणार नाहीस. छोटं युनिट घे आणि वाचलेल्या पैशात कंडक्टिव्हिटी मीटर घे, मायक्रोसीमेन्समध्ये दाखवणारा. पेनासारखा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि नसण्यापेक्षा बरा, पण इतक्या खालच्या आकड्यांत त्याच्यावर फार विसंबता येत नाही.

मेम्ब्रेनची तत्त्वं तुला बारावीत शिकवली असतील. उलट बाजूने दाब देऊन पाणी ढकलायचं, क्षार मागे. ही कल्पना कामाला आली ती १९६० च्या आसपास, कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि आपल्याकडून तिकडे गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी पुरेसं पाणी देणारा मेम्ब्रेन बनवला तेव्हा. आजचे मेम्ब्रेन पॉलिअमाइडचे असतात आणि त्यांना क्लोरीन सोसत नाही. म्हणून आधी कार्बन फिल्टर. तो वेळेवर बदलला नाही आणि नगरपालिकेने पावसाळ्यात ब्लीचिंगचा हात सैल सोडला, की मेम्ब्रेन हळूहळू खलास होतो आणि पाणी मात्र दिसायला तेवढंच नितळ राहतं. तुमच्याकडे व्होल्टेजची रड आहे, त्याचाही परिणाम होतो. पंपाचा दाब पडला की पाणी कमी येतं, आणि येतं त्यात क्षार जास्त असतात.

एक गोष्ट प्लँट बसवणारा माणूस सहसा सांगत नाही. आरओ रात्रभर बंद राहिला की मेम्ब्रेनच्या पलीकडचे क्षार हळूहळू झिरपून अलीकडे येतात. सकाळी सुरू केल्यावरचं पहिलं लिटर-दोन लिटर पाणी म्हणूनच खराब असतं. सोमवारी सकाळी मीटर लावून बघ, आकडा चढलेला दिसेल आणि पाच-दहा मिनिटांत खाली येईल. ते पहिलं पाणी सोडून द्यायचं, मग कॅन लावायचा. नाहीतर तुझं डीआय कार्ट्रिज रोज सकाळी फुकट खर्ची पडेल.

आरओचं पाणी निर्जंतुक असतं असा तुझ्या बोलण्याचा सूर होता, तो आधी काढून टाक. निर्जंतुक करते ती वाफ. उलट कार्बनने क्लोरीन काढून टाकल्यामुळे या पाण्याला राखण कुणाचीच नसते, आणि साठवलं तर त्यात जंतू मजेत वाढतात. ऑटोक्लेव्ह त्यांना मारील, पण मेलेल्या जंतूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन १३४ अंशांनाही दाद देत नाही. म्हणून भरलं की त्याच दिवशी वापरायचं. रात्री यंत्राची टाकी रिकामी करायची. रविवारच्या सुट्टीत आत पाणी ठेवायचंच नाही. कॅन फूड-ग्रेड प्लॅस्टिकचा, झाकण घट्ट. तांब्या-पितळेची किंवा जस्ताच्या पत्र्याची भांडी नकोत, असं पाणी धातू खातं. आणि उद्या इम्प्लांट करायला लागलीस तर हाडावर सोडायचं पाणी या कॅनमधलं नाही. तिथे सीलबंद निर्जंतुक सलाइनच. खुर्चीच्या बाटलीत हे पाणी चालेल, मात्र नळ्यांमध्ये जंतूंचा बुळबुळीत थर जमतो तो वेगळा सांभाळावा लागतो. अमेरिकेच्या सीडीसीने त्या पाण्यासाठी मिलिलिटरमागे ५०० जंतूवसाहतींची मर्यादा घातली आहे.

माणसांचं सांगतो, कारण यंत्रं तिथेच मरतात. टाकी भरणार तू नाहीस, तुझ्याकडच्या मावशी भरणार. गर्दीच्या वेळी कॅन संपलेला असेल, पेशंट ओरडत असेल, आणि शेजारी पिण्याच्या पाण्याचा जार असेल. त्या तो ओततील, त्यांचं काय चुकलं? त्यांना तर ते पाणी चांगलंच दिसतं. मावशींना एकदा समोर बसवून दोन ग्लासांत मीटर बुडवून दाखव, एकात जारचं, एकात कॅनमधलं. आकडा वाचता आला की त्या तुझ्यापेक्षा कडक होतील, हे मी कितीतरी इस्पितळांच्या सीएसएसडीमध्ये, म्हणजे निर्जंतुकीकरण विभागात, पाहिलंय. कॅनला निळी पट्टी लाव, "फक्त ऑटोक्लेव्ह" असं मराठीत लिही. भिंतीवर वही टांग: तारीख, सकाळचा आकडा, सही. पंधराच्या वर गेला की कार्ट्रिज बदलायचं, तुला विचारायला थांबायचं नाही. डीआय कार्ट्रिज संपतं ते एकदम संपतं, कालपर्यंत दोन-तीन दाखवणारा मीटर आज चाळीस दाखवतो.

अडीअडचणीला बॅटरीच्या दुकानातला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन चालतो का, असं तू विचारशीलच. चालतो, मीटर लावून. कधी दोन निघतो, कधी चाळीस. दोन्हींच्या लेबलवर नाव मात्र एकच असतं.

यंत्राचं पुस्तक मात्र वाच, पाण्याचं पान त्यात असतंच. काही जुन्या पद्धतीच्या यंत्रांत पाण्याची पातळी विजेच्या खुंट्यांनी ओळखतात. पाणी फारच शुद्ध असेल तर त्या खुंट्यांना ते "दिसत" नाही आणि यंत्र टाकी रिकामी म्हणून ओरडत बसतं. तुझ्या मॉडेलमध्ये तसं आहे का ते इंजिनिअरला आधी विचार. चुकीच्या पाण्याने बिघाड झाला तर वॉरंटी लागू नाही, हे वाक्यही त्याच पानाच्या आसपास सापडेल.

आरओचं वाया जाणारं पाणी लादी पुसायला आणि संडासात वापर. त्यात क्षार एकवटलेले असतात, अवजारं त्याने धुवायची नाहीत आणि आईच्या गुलाबांनाही रोज घालायचं नाही.

या आठवड्यात बोअरचं आणि नळाचं पाणी दोन वेगळ्या बाटल्यांत भरून लॅबला दे. टीडीएस, कडकपणा, क्लोराइड, लोह आणि सिलिका हे पाचही लिहून माग, सिलिका सांगितल्याशिवाय करत नाहीत. रिपोर्ट मला व्हॉट्सअॅपवर टाक, म्हणजे सॉफ्टनर लागतो की नाही ते बघून मी तुला प्लँटचा कागद करून देतो. तोवर कुणाला ॲडव्हान्स देऊ नकोस.

अक्काला नमस्कार सांग, भाऊजींनाही.

तुझा,
मामा