ओळख आणि पाळत

परमुलखात बदली होऊन आलेल्या माणसाला सर्वांत अधिक उणीव भासते ती ओळखीची. येलहंका येथील हवाई दलाच्या तळावर वा रेल्वेच्या चाक-कारखान्यात नेमणूक झालेल्या मराठी गृहस्थाला तेथला वाणी ‘नेहमीचेच ना?’ असे विचारू लागला, की ते गाव निम्मे आपले होते. मग महाजालावर कोणी आपली ओळख ठेवली, तर मन साशंक का व्हावे?

महाजालाची मूळ रीत विस्मरणाची आहे. पान मागावे, ते मिळावे आणि देणाऱ्याने मागणाऱ्यास तत्क्षणी विसरावे. या अडचणीवर नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ साली ‘कुकी’ योजिली. संकेतस्थळ पानासोबत एक चिठ्ठी धाडते. आपला ब्राउझर ती जपतो आणि पुढील प्रत्येक मागणीबरोबर त्या स्थळाला परत दाखवितो. चिठ्ठीवर बहुधा नाव नसते, केवळ एक क्रमांक असतो. खरी वही स्थळाकडेच राहते.

इथवर तक्रारीस जागा नाही. तिकीट काढताना पानोपानी नाव सांगावे लागत नाही, ही सोयच होय. प्रश्न उद्भवतो तो तिऱ्हाइताच्या चिठ्ठीने. एकाच जाहिरात-कंपनीचे चित्र अनेक स्थळांवर असते. ब्राउझरने अडविले नाही, तर ते चित्र मागताना तिची चिठ्ठीही तिच्यापुढे जाते. आणि आज औषधाचे व उद्या कर्जाचे पान वाचणारा मनुष्य एकच, हे तिला कळते. वाणी आम्हांस ओळखतो, तसे आम्हीही त्याला ओळखतो. ज्या ओळखीत दुसरा पक्ष अदृश्य असतो, तिला पाळत म्हणतात.

‘लपविण्यासारखे नसेल तर भीती कसली?’ असे कित्येक विचारतात. याच बंगळूरचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तो लपवाछपवीस आसरा म्हणून नव्हे, तर मानवी प्रतिष्ठेचा अंश म्हणून.

आम्ही अधिकारी मंडळी नोंदींतच आयुष्य वेचतो. म्हणूनच आम्हांस ठाऊक असावे, की ‘स्वीकार’ ठळक अक्षरांत आणि ‘नकार’ आडोशास ठेवून मिळविलेली संमती ही घाईत घेतलेल्या सहीपेक्षा अधिक मोलाची नाही. शिवाय आपल्याकडील चिठ्ठी आपण केव्हाही पुसू शकतो. परक्याच्या वहीतील पान आपल्याला फाडता येत नाही. ती वही दाखवावयास आणि सांगितल्यावर पुसावयास जो तयार असेल, त्यालाच आमची ओळख ठेवण्याचा नैतिक अधिकार आहे.