खोटी घंटा



२२ जानेवारी २०२५ रोजी लखनौहून मुंबईकडे येणारी पुष्पक एक्सप्रेस जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ होती. आपल्या कल्याणला थांबणारी ही गाडी. डब्यात आग लागल्याची आवई उठली. कोणीतरी साखळी ओढली, गाडी थांबली आणि घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले. त्याच रुळांवरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ जण मृत्युमुखी पडले. आग मात्र लागलेलीच नव्हती.

ह्या मृत्यूंचा दोष कोणाचा? ‘आग, आग’ म्हणून ओरडणाऱ्याला कदाचित खरोखरच धूर दिसल्यासारखे वाटले असेल. १९८९चा रेल्वे कायदा विनाकारण साखळी ओढणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड सांगतो. पण पुरेसे कारण असेल तर तो गुन्हा मानत नाही. ख्रिस्तसभेची शिकवणही अशीच आहे. प्रामाणिक चूक म्हणजे पाप नव्हे. परंतु खातरजमा करण्याची संधी असूनही ऐकलेली गोष्ट पुढे ढकलणे, हे आठव्या आज्ञेच्या कक्षेत येते. खोटी साक्ष फक्त कोर्टात दिली जात नाही. ती गाडीच्या डब्यात दिली जाते, सोसायटीच्या आवारात दिली जाते, आणि हल्ली मोबाईलवरूनही दिली जाते.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. डोंबिवलीच्या एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांना उग्र वास नवा नाही. २०१४ साली तिथे हिरवट पाऊस पडला, २०२० साली रस्ता गुलाबी झाला. लोक बोलले, वर्तमानपत्रांत छापून आले, आणि पुन्हा सारे शांत झाले. २६ मे २०१६ रोजी एका रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट होऊन १२ जणांचे प्राण गेले. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात पुन्हा स्फोट झाला आणि पुन्हा माणसे दगावली. पाचोऱ्याला आग नसताना भीती होती. इथे धोका असताना भीती उरली नव्हती.

ह्या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात, पण त्यांचे नाते जवळचे आहे. इमारतीतली आगीची घंटा चार वेळा उगाच वाजली, की पाचव्या वेळी कोणी जिना उतरत नाही. सहाव्या वेळी कोणीतरी तिची तारच काढून टाकतो. प्रत्येक खोटी घंटा पुढच्या खऱ्या घंटेचा आवाज थोडा कमी करते. म्हणून जो विनाकारण घंटा वाजवतो, तो अजून न लागलेल्या आगीतल्या माणसांचेही नुकसान करतो.

मग करावे काय? विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याचा विचार करा. तिथे आगीची घंटा वाजली, तर नियंत्रकाने लगेच पळावे का? आकाशात विमाने आहेत, त्यांत शेकडो माणसे आहेत आणि ती विमाने हवेत थांबवून ठेवता येत नाहीत. पण घंटा खरी असेल आणि तो बसून राहिला, तर त्याचा जीव जाईल आणि विमानेही वाऱ्यावर पडतील. ह्याचे उत्तर त्या घाईच्या क्षणी सापडत नाही. म्हणूनच अशा प्रसंगासाठी पर्यायी योजना आधी तयार ठेवावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पाहणी कोणी करायची, विमाने कोणाकडे सोपवायची, हे शांत वेळी ठरवायचे असते.

परमेश्वराने आपल्या प्रत्येकाच्या अंतःकरणातही एक घंटा बसवली आहे. तिला आपण सदसद्विवेकबुद्धी म्हणतो. काहींची घंटा सतत वाजते. संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली मॅनरेसा येथे असताना ह्याच दुखण्याने हैराण झाले होते. सर्व पापांचे निवेदन करूनही त्यांना वाटे, काहीतरी राहिले. ते पुन्हा पुन्हा पापनिवेदन करीत आणि तरीही शांती मिळत नसे. शेवटी जुनी पापे पुन्हा उगाळायची नाहीत असा निश्चय त्यांनी केला, तेव्हा ते मोकळे झाले. काहींची घंटा मात्र कधीच वाजत नाही. पहिली लाच घेताना ती वाजली होती, घरात पहिल्यांदा हात उगारला तेव्हा वाजली होती. आपण दुर्लक्ष करीत गेलो आणि ती मुकी झाली.

होरेब डोंगरावर एलिया संदेष्ट्याने सोसाट्याचा वारा पाहिला, भूकंप पाहिला, अग्नी पाहिला. परमेश्वर त्यांत नव्हता. त्यानंतर आलेल्या मंद वाणीत त्याला परमेश्वर भेटला. मोठा आवाज म्हणजे देवाचा आवाज, असे समजू नये. तसेच हळू आवाज आला म्हणून तो टाळूही नये.

म्हणून ह्या आठवड्यात तीन गोष्टी करू या. कानावर आलेली भयंकर बातमी पुढे सांगण्यापूर्वी ती खरी आहे का, हे विचारू या. आपल्या इमारतीची घंटा बंद पडली असेल किंवा उगाच वाजत असेल, तर ती दुरुस्त करून घेऊ या. तेही शेजारप्रेमच आहे. आणि रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसून अंतःकरणातली घंटा आज कशासाठी वाजली, हे ऐकू या. शंका वाटली तर फादरांशी मोकळेपणाने बोलू या.

प्रभू आपल्याला जागे राहण्याची कृपा देवो, आणि जागे असताना न घाबरण्याचीही.