लाकडी बैलाचे वय

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व विदर्भात तान्हा पोळा भरतो. गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्याच्या धानपट्ट्यापासून पार नागपूरपर्यंत लेकरे चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवतात, घरोघरी बोजारा (खाऊ किंवा पैसे) मागतात. या खेळाचे नुसते कौतुक करून भागत नाही. माणसाचे वय निसर्ग ठरवतो की समाज, हा जुना प्रश्न त्या बैलाच्या दोरीला बांधलेला आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की (1896-1934) याने बालपणाचे टप्पे दात, उंची किंवा जन्मतारखेवरून पाडायला नकार दिला. मूल आणि भोवतालची माणसे यांचे त्या त्या वयातले नाते हा त्याच्या मांडणीचा पाया. ते नाते अपुरे पडू लागले की मूल अडते, हट्टाला पेटते, आणि नवा टप्पा सुरू होतो. तिसऱ्या वर्षीचे ‘मीच करणार’ आणि सातव्या वर्षी हरवणारा भाबडेपणा हे त्याच्या मते असे संधिकाल. त्याच्या परंपरेतल्या डॅनिल एल्कोनिनने आणखी धाडसी दावा केला: भूमिका वठवण्याचा खेळ अनादि नाही. मूल मोठ्यांच्या बरोबरीने कामाला लागत होते तोवर त्याची गरजच नव्हती. कामाची अवजारे मुलाच्या आवाक्याबाहेर गेली तेव्हा हा खेळ जन्मला. धानाच्या मुलखात हे सहज पटते. चार वर्षांच्या मुलाच्या हाती खरी बैलजोडी देता येत नाही, म्हणून लाकडी. ट्रॅक्टर आला त्या घरचे लेकरू तर क्वचितच पाहिलेल्या कामाची नक्कल करते. (लाकडी ट्रॅक्टरला अजून कोणी ओवाळत नाही.)

वयाचे टप्पे समाज पाडतो, हे आपल्या धर्मशास्त्रालाही उमगले होते, आणि अडचण तिथूनच सुरू होते. मुंजीसाठी मनुस्मृती गर्भापासून मोजून ब्राह्मणाला आठवे, क्षत्रियाला अकरावे, वैश्याला बारावे वर्ष सांगते. तिघांच्या शरीरांत फरक नाही. म्हणजे टप्पा देहात नसून संस्कारात आहे, हे शास्त्राने स्वतःच कबूल केले; मात्र शूद्राला तो टप्पाच नाकारला आणि विवाह हीच मुलीची मुंज मानली. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीची दहा वर्षांची मर्यादा बारावर नेली. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. धर्मात सरकारने हात घालावा का, या भाषेत तो वाद झाला. मुळात प्रश्न मुलीचे बालपण किती लांबीचे असावे, हा होता.

दात तर सगळ्यांचेच पडतात, असा आक्षेप येईल. पडतात, पण त्या वयात गुरे राखायची की मुळाक्षरे गिरवायची, हे दात सांगत नाहीत. दुसरा आक्षेप जड आहे: टप्पे समाजच घडवत असेल, तर बालमजुरी हाही एक टप्पाच मानायचा का? मला उलटे वाटते. टप्पे निसर्गाने आखले असते, तर कोणाला जाब विचारता आला नसता. समाजाने आखले म्हणून तो विचारता येतो, शाळेलाही. गोंदिया जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पोवारी, गोंडी किंवा हिंदी बोलली जाते. तिथले मूल मराठी शाळेत अडखळले की त्याला ‘कच्चे’ ठरवणे म्हणजे नात्यातली अडचण त्याच्या डोक्यात शोधणे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा ही वर्षे शाळेची ठरवली. मनूच्या तीन आकड्यांच्या जागी हे दोन आले, आणि ते मुलीलाही लागू आहेत.